सड्यावरून आणलेली दीपकाडी सुकली, आता काय करू?

रत्नागिरीजवळच्या सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या सपाट कातळमाळावरून, जूनमध्ये आणलेलं पांढऱ्या फुलांचं रोप ऑक्टोबरात पिवळं पडून आडवं झालं, तर खत घालू की पाणी वाढवू, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही नको. खाली कांदा, पन्हळीसारखी लांब पात, दांड्यावर सहा पाकळ्यांची नळीसारखी पांढरी फुलं, म्हणजे ही दीपकाडीच. शास्त्रीय नाव डिपकाडी कोंकनेन्स, तेच मराठीत असं रुळलंय. दिव्याच्या काडीशी संबंध नाही, पण शोभतं खरं.

रोप मेलेलं नाही, निजलंय. हे बहुवर्षायू आहे. पात जाते, कांदा जमिनीत राहतो. सड्यावर जांभ्याच्या खाचेत माती असते बोटभर. पावसाळ्यात तिथे पाणी झिरपत असतं, नंतरचे आठ महिने कातळ तव्यासारखा तापतो. तेवढा काळ कांदा साठवणीवर काढतो.

मी शाळेत असताना असाच एक कांदा खिळ्याने उकरून आणला आणि विहिरीजवळ, शेणखत घातलेल्या मातीत लावला. पात गेल्यावर तर रोज कळशीभर पाणी! दिवाळीत उकरून बघितलं, तर बोटांना नुसता बुळबुळीत लगदा. आजी म्हणाली, "निजलेल्याच्या तोंडात पाणी ओततात काय रे?"

तेव्हा कुंडी वळचणीखाली ठेवा, मे संपेपर्यंत थेंबभरही पाणी नको. मातीत जांभ्याचे खडे आणि जाडी वाळू भरपूर घाला म्हणजे पाणी साचणार नाही. मिरगाचा पाऊस लागला की कुंडी उघड्यावर काढा. पहिल्या वर्षी नुसती पात आली तरी समजा जमलं.

पुन्हा मात्र कांदा उपटू नका. ही कोकण-गोव्याकडच्या सड्यांवरचीच, दुसरीकडे सापडायची नाही. सातबाऱ्यावर या जागा पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हणून कोणी चिरेखाण काढतं, कोणी कातळ फोडून, माती भरून हापूसची कलमं लावतं. आंबा मलाही आवडतो, पण खाच गेली की कांदाही गेला. फारच हौस असेल तर बोंडं पिकल्यावर चपट्या काळ्या बिया चिमूटभर घ्या. आणि मेअखेरीस कोकणात येणं झालं, तर हा कांदा सरळ त्याच सड्यावर, खाचेतल्या मातीत परत लावून टाका.