आधी गिऱ्हाईक, मग लायसन्स

प्रश्न : तासगावात आमचा बेदाण्याचा व्यापार आहे. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक, काढलेला आहे. दोन-तीन खेपा मुंबईच्या निर्यातदारामार्फत दुबईला गेल्या. आता एक सल्लागार म्हणतो, तिथल्या फ्री झोनमध्ये स्वतःची ट्रेडिंग कंपनी काढा. मालकी शंभर टक्के तुमची, कर शून्य, आठ दिवसांत लायसन्स. धाकट्या भावाला पाठवायचा विचार आहे. काढावी का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : तुमचा बेदाणा दुबईत घेणार कोण, हे पत्रात कुठेच नाही. सगळं त्यावरच अडलंय.

दुबईच्या देरा भागातल्या अल रास बाजारातले घाऊक व्यापारी घेणार असतील, तर ते गिऱ्हाईक फ्री झोनबाहेरचं, ‘मेनलँड’चं. फ्री झोन म्हणजे जकातीच्या हिशेबानं कुंपणापलीकडचा मुलूख. तिथून माल शहरात आणला की ती आयातच. सर्वसाधारण जकात ५ टक्के, वर ५ टक्के व्हॅट. भारत-अमिरात करार १ मे २०२२ पासून लागू आहे, त्यात बऱ्याच भारतीय मालाला जकातीत सवलत मिळते. पण तुमच्या मालाचा एचएस कोड, म्हणजे जकातीसाठीचा वर्गीकरण क्रमांक, तपासा आणि मूळ देशाचा दाखला इथूनच कागदपत्रांबरोबर पाठवा.

शंभर टक्के मालकीचं म्हणाल, तर ते आता फ्री झोनचं वैशिष्ट्य राहिलेलं नाही. पूर्वी मेनलँड कंपनीत ५१ टक्के स्थानिक भागीदार लागायचा, म्हणून आपली माणसं फ्री झोनकडे वळायची. जून २०२१ पासून बहुतेक धंद्यांसाठी ती अट गेली. अल रासलाच विकायचं असेल, तर मेनलँड लायसन्सचा भाव आधी काढा.

पण माल पुढे पूर्व आफ्रिकेत मोंबासा किंवा दार-ए-सलामला जाणार असेल, तर गोष्ट वेगळी. जबेल अलीचा फ्री झोन १९८५ साली बंदराला लागून उभा राहिला तो याच कामासाठी. तुमची १५ किलोची पेटी तिथल्या गोदामात फोडायची, छोटी पाकिटं करायची आणि अमिरातीची जकात न भरता जहाजावर चढवायची. असा धंदा हातात असेल तर फ्री झोनच घ्या, आणि बंदराजवळचाच घ्या.

हे मी पोळून शिकले. २०१६ साली हळदीसाठी मी लांबच्या एका स्वस्त झोनमध्ये लायसन्स घेतलं. नवव्या दिवशी कागद हातात. बँकेचं खातं मात्र पाच महिने उघडलं नाही. बँकेतल्या बाईंनी फाइल मिटली आणि विचारलं, “माल कोणाकडून घेणार, कोणाला विकणार? त्यांची बिलं, करार दाखवा.” माझ्याकडे एकाही खरेदीदाराचं पत्र नव्हतं. कार्यालय म्हणजे सामायिक खोलीतलं एक टेबल, तेही त्यांना पुरेसं वाटलं नाही. त्या पाच महिन्यांत सांगलीच्या अडत्याचे पैसे थकले आणि मला आईच्या पाटल्या गहाण ठेवाव्या लागल्या. भावाला या वाटेनं पाठवू नका, हे मी कळकळीनं सांगते.

आता कर. जून २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षांसाठी तिथे ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के कंपनी कर आहे. फ्री झोनला शून्य दर आहे, पण तो ठरावीक उत्पन्नाला, आणि प्रत्यक्ष कामकाज व ऑडिट केलेले हिशेब असतील तरच. नोंदणी आणि विवरणपत्र तर शून्य करातही चुकत नाही.

इकडची बाजू सल्लागार बहुधा सांगणारच नाही. परदेशी कंपनीत स्वतःच्या नावानं भांडवल घालायचं तर ते एलआरएसच्या (परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेच्या) मर्यादेत, म्हणजे माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच्या आत, बँकेत परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म एफसी भरून आणि त्या गुंतवणुकीचा यूआयएन क्रमांक घेऊनच जातं. नातेवाइकाच्या खात्यातून हातोहात पाठवलेला पैसा पुढे फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नोटिशीत सापडतो. आणि तासगावच्या पेढीनं स्वतःच्याच दुबईच्या कंपनीला माल पडेल भावानं विकून नफा तिकडे ठेवता येत नाही. प्राप्तिकर खातं बाजारभाव लावतं.

भावाला जरूर पाठवा, पण आधी महिनाभरासाठी, व्हिजिट व्हिसावर. हिरवा, पिवळा, काळा असे तिन्ही नमुने द्या. अल रासमध्ये दहा दुकानं फिरू दे. कोण किती पेट्या घेतो, उधारी किती दिवसांची मागतो, इराणी आणि अफगाणी मनुक्याला काय भाव देतो, सगळं वहीत उतरवू दे. दोन व्यापाऱ्यांनी लेखी मागणी दिली की ती वही घेऊन मला पुन्हा लिहा. कोणता झोन की मेनलँड, ते तेव्हा ठरवू.