वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे : जुना छाप, नवी चांदी

प्रश्न : दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडच्या सराफ्यात व्हिक्टोरिया राणीच्या छापाची १० ग्रॅमची नवी चांदीची नाणी येतात. मोठे बाबा म्हणतात, लक्ष्मीपूजनाला हीच घ्या, पुढे भाव येईल. नाणी जमवणारा पुतण्या म्हणतो, ही नाणीच नव्हेत. कोणाचं ऐकावं?
— एक वाचक, वरुड (जि. अमरावती)

उत्तर : पुतण्याचं बरोबर आहे. नाणं सरकार पाडतं. सराफाने पाडून घेतलेली चकती हे पदक. पूजेला ते चालतं, त्यात कमीपणा नाही. ‘पुढे भाव येईल’ या बोलण्याचा मात्र हिशेब करून पाहा. समजा चांदी ग्रॅमला १०० रुपये आहे आणि हे १० ग्रॅमचं पदक घडणावळ, ३ टक्के जीएसटी धरून १,४०० ला मिळतं. म्हणजे चांदीचा भाव १४० वर जाईल तेव्हा कुठे तुमचं मुद्दल सुटेल, तेही सराफाने मोडीत घेताना काही कापलं नाही तर. जुना राणीछाप कलदार, म्हणजे ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया, ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळ्याचा, आणि १२ पैकी ११ भाग चांदीचा. त्यात निव्वळ चांदी सुमारे १०.७ ग्रॅम निघते. सर्रास मिळणाऱ्या सालाचा, बऱ्या अवस्थेतला कलदार चांदीच्या किमतीहून थोडाच वर जात असेल, तर त्याच पैशात तो घेणं आम्हाला शहाणपणाचं वाटतं. फक्त १८६२ साल पाहून हुरळू नका. तेच साल १८७४ पर्यंतच्या रुपयांवर छापलं जात होतं, त्यामुळे ते नाणं भरपूर आहे.

जुने छाप पुन्हा काढावेत की नाही, यावर संग्राहकांत एकमत नाही. बाजूने बोलणारे म्हणतात, झिजलेल्या नाण्यावर मुकुटाची नक्षी दिसतच नाही, नव्या ठशात निदान कोरणाऱ्याचा हात दिसतो. विरोधकांचं म्हणणं, अशी नाणी दोन पिढ्यांनी जुनी म्हणून विकली जातात. आमच्या मते सगळं साल कोणतं घातलं यावर आहे. अमेरिकेच्या टांकसाळीने २०२१ मध्ये मॉर्गन डॉलर (मूळ १८७८) आणि पीस डॉलर (मूळ १९२१) पुन्हा काढले. छाप तोच, पण साल २०२१ आणि चांदी हजारात ९०० भागांऐवजी ९९९. ते जुने म्हणून खपवताच येत नाहीत. २०१६ मध्ये त्यांनी १९१६ चा डाइम चक्क सोन्यात काढला. दहा सेंटच्या चिल्लरला सोनं शोभतं का, यावर वाद घाला; फसवणुकीचा प्रश्न तिथे येत नाही.

आपल्याकडे उलटं झालं. मुंबई आणि कोलकाता टांकसाळींनी संग्राहकांसाठी दुर्मीळ नाणी जुन्याच सालांनिशी पुन्हा पाडून दिली. १९७० मध्ये ते बंद झालं, पण ‘रिस्ट्राइक’ की मूळ, हा घोळ आजही लिलावात निस्तरावा लागतो आणि रिस्ट्राइकला मूळ नाण्याएवढा भाव येत नाही. सराफाच्या नव्या पदकावर १८६२ किंवा १९०१ असं साल असेल आणि शुद्धतेचा आकडा व पाडणाऱ्याची खूण दोन्ही नसेल, तर ते घेऊच नका.

प्रश्न : आजीच्या हारात सात कलदार आहेत. जत्रेत अगदी तसेच मिळतात. खरे-खोटे घरच्या घरी कसे पारखायचे?
— एक वाचक, पुसद (जि. यवतमाळ)

उत्तर : आधी चुंबक लावा. चिकटला तर पुढचं काही करायची गरज नाही. चिकटला नाही म्हणून खरा, असं मात्र नाही. पितळ आणि जर्मन सिल्व्हरलाही (तांबं, निकेल, जस्त; चांदी नाहीच) चुंबक धरत नाही.

मग पाण्याचं वजन. ०.०१ ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा लागतो. ०.१ वाला चालणार नाही, कारण सगळा फरक पाव ग्रॅमच्याही आतला आहे. आधी रुपया कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. रुपयाला शिलाईचा बारीक दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडवा, पण बुडाला किंवा काठाला टेकू देऊ नका. आता जो आकडा दिसेल त्याने कोरड्या वजनाला भागा.

११.६६ ग्रॅमच्या अस्सल कलदाराला पाण्यात सुमारे १.१३ दिसतं, भागाकार १०.३ च्या आसपास. चांदीचा मुलामा दिलेलं तांबं १.३० दाखवेल, पितळ १.३७ च्या आगेमागे. आकडा एकदम मोठा आला तर रुपया बुडाला टेकलाय. थोडा जास्त आला तर नक्षीत हवेचे बुडबुडे अडकलेत. रुपया हलवून काढून परत बुडवा. वापरात झिजलेला खरा रुपया ११.४ ग्रॅमही भरतो, त्याने भागाकार बदलत नाही.

१९४० ते १९४५ च्या रुपयांना ही कसोटी जशीच्या तशी लावू नका. त्यांत चांदी निम्मीच आहे, बाकी तांबं, निकेल, जस्त. पाण्यात १.२२ दिसलं तरी ते खरेच. त्यांच्या कडेच्या दात्यांच्या मधून एक खाच फिरते, ती बघा. १९३९ चा चांदीचा रुपया दुर्मीळ, म्हणून १९३८ च्या आठाचा नऊ केलेले फिरतात. शेवटच्या आकड्याभोवतीची जमीन, म्हणजे नाण्याचा सपाट भाग, भिंगातून पाहा. खरवडलेली किंवा उंचावलेली दिसली की समजा.

हाराच्या कड्या कापू नका. डाखाची जागा राहतेच आणि संग्राहक असा रुपया चांदीच्या वजनानेच मागतो. हार म्हणूनच ठेवलात तर त्याची किंमत जास्त. डाखामुळे भागाकार किंचित खाली येईल, तेवढं सोडून द्या.

प्रश्न : चांदीची ‘शिवराई’ ऑनलाइन विकत मिळते. जुनी असू शकते का?
— एक वाचक, मेहकर (जि. बुलढाणा)

उत्तर : नाही. शिवराई तांब्याची. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीला ‘छत्रपति’. सोन्याचा तो होन, वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, आणि अस्सल होन मोजकेच उरलेत. चांदीची शिवराई आठवण म्हणून जरूर घ्या, भाव मात्र चांदीचाच द्या. तांब्याची खरी शिवराई वखरताना शेतात सापडली असेल तर गोष्ट वेगळी. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला १० रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो.

प्रश्न : पूजेतली चांदीची नाणी वर्षभरात काळी पडतात. चिंचेने घासली तर चालतात का?
— एक वाचक, काटोल (जि. नागपूर)

उत्तर : पूजेची घासा, संग्रहातली अजिबात नको. चिंच, टूथपेस्ट, राखुंडी यांनी वरचा थर जातो आणि बारीक चरे पडतात. मग जुन्या नाण्याला चांगल्या अवस्थेचा भाव येत नाही. दोन्ही नाणी वेगळीच ठेवा, नाहीतर पंचामृत आणि कुंकू संग्रहातल्यांनाही लागतं.

काळेपणा गंधकाने येतो. बागायतदारांच्या घरी फवारणीच्या गंधकाची पिशवी आणि पैशांची पेटी एकाच खोलीत असते, ती आधी हलवा. नाण्यांना रबर बँड लावू नका, लोकरीत गुंडाळू नका. मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटात हिरवा चिकट थर येतो; तसं झालं असेल तर नाणं शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून, न पुसता, उघड्यावर वाळू द्या. हे चुलीपासून लांब, दारं-खिडक्या उघड्या ठेवून करा. नंतर कडक पीईटी प्लॅस्टिकच्या डबीत सिलिका जेलची पुडी घालून ठेवा आणि पावसाळ्याआधी पुडी बदला.