‘मुलगा सध्या काय करतो?’

माझा सव्वीस वर्षांचा मुलगा चोरीच्या गुन्ह्यात दोन वर्षांची शिक्षा भोगतोय. आम्ही सगळ्यांना ‘परगावी नोकरी लागली’ असं सांगितलं. आठवीतल्या धाकटीलाही तेच सांगायला शिकवलंय. पण आता कुजबुज सुरू झालीय. नणंद म्हणाली, ‘संस्कारच कमी पडले.’ मी घराबाहेर पडणं सोडलंय. काय करू? — एक आई

ताई, आधी त्या नोकरीचं बघू. खोटं एकदा बोलून भागत नाही, ते पोसावं लागतं. आज नोकरी, उद्या पगार, परवा ‘सुट्टीला का नाही आला?’ तुमची अर्धी दमणूक त्यातच आहे, आणि आठवीतल्या पोरीची तर जास्तच. तिला त्यातून आधी मोकळं करा. ‘मला त्याविषयी बोलायचं नाही’ एवढं तिने म्हटलं तरी पुरे. वर्गशिक्षकांना तुम्ही स्वतः भेटून सांगा. मग वर्गात कोणी चिडवलं तर त्यांचं लक्ष राहील.

खरं बोलायचं म्हणजे सगळ्यांना सगळं सांगायचं, असं मात्र नाही. ज्यांच्यापाशी मन मोकळं करता येईल अशी दोन-तीन नावं कागदावर लिहा. बाकीच्यांसाठी उत्तर ठरवून ठेवा: ‘तो तुरुंगात आहे, आम्ही भेटत असतो. पुढचं मी बोलत नाही.’ घरात मोठ्याने दहा वेळा म्हणा, नाहीतर ऐन वेळी आवाज फुटत नाही. गडबड होते ती उत्तर दिल्यावर. समोरचा गप्प होतो, ती शांतता सोसत नाही आणि आपण खुलासे देत सुटतो. तेवढ्यात पिशवी उचलून चालू लागायचं.

नणंदेलाही हेच उत्तर. संस्कारांवर वाद घालू नका, त्यात कोणी जिंकत नाही. गुन्हेगाराचा डाग त्याच्या जवळच्यांनाही चिकटतो, हे समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्येच मांडलं होतं. लोक असं वागतात म्हणून तुम्ही दोषी ठरत नाही.

अपील चालू असेल तर गुन्ह्याचा तपशील वकिलाशिवाय कोणापाशीही नको, मुलाशी फोनवरही नको. बऱ्याच तुरुंगांत फोन रेकॉर्ड होतात. आणि ‘वरपर्यंत ओळख आहे, लवकर सोडवतो’ म्हणत पैसे मागणाऱ्यांपासून जपा. लाजेपोटी तुम्ही कोणाला विचारणार नाही, यावरच त्यांचा धंदा चालतो.

बाहेर पडायला मोठा समारंभ निवडू नका. त्या दोन-तीन जणांपैकी एकाला सोबत घेऊन वीस मिनिटं जा, आणि निघायची वेळ आधीच सांगून ठेवा. पुढच्या वेळी अर्धा तास. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त उडाली असेल तर डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच.

शेवटी मुलाचं. लाजेने आई-वडील तुरुंगात भेटीला जाणं टाळतात, मग पत्रंही थांबतात. कैद्याला ठरावीक अंतराने घरच्यांशी पत्रव्यवहार आणि भेटी करू द्याव्यात, असं कैद्यांना कसं वागवावं हे सांगणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांतही आहे. भेटीचे वार आणि लागणारी कागदपत्रं आधी विचारून घ्या. पत्रावर तारखेबरोबर क्रमांकही घाला. तपासणीत पत्रं रखडतात, एखादं पोचतच नाही, आणि आत बसलेल्याला वाटतं, आईने लिहायचं सोडलं.