निकोडेमसची वंशावळ १८७० च्या मागे कशी न्यायची?

तुमचा प्रश्न असा: मुलीच्या आईकडच्या, म्हणजे तुमच्या माहेरच्या पिढ्या कुलवृत्तांतात छापलेल्या मिळाल्या, पण तिच्या बाबांचं घराणं अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या निकोडेमसचं, म्हणजे गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या गावचं, आणि तिथला धागा १८७० ला तुटतो. मागे जाता येतं का?

येतं. मी बरीच वर्षं कॅन्ससमध्ये राहतो. माझ्या एका सहकाऱ्याचं घराणं निकोडेमसचंच. त्याच्याबरोबर दोन हिवाळे बसून आम्ही ते शोधलं, त्यावरून सांगतो.

धागा नेमका तिथेच तुटण्याचं कारण आधी समजून घ्या. पूर्वी गुलाम असलेल्या माणसांची नावं पहिल्यांदा लिहिली गेली ती १८७० च्या जनगणनेत. १८५० आणि १८६० ला गुलामांची वेगळी यादी होती. तिच्यात मालकाचं नाव आणि त्याखाली प्रत्येकाचं वय, लिंग, रंग. 'स्त्री, ३४, काळी', बस. माझ्या सहकाऱ्याने असं पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो काही न बोलता उठून बाहेर जाऊन उभा राहिला. तुमच्याही समोर हे पान येणार आहे. मुलगी लहान असेल तर आधी तुम्ही दोघांनी बघा.

आपला कुलवृत्तांत मूळ पुरुषापासून खाली उतरतो. इथे खालून वर चढायचं, आणि वाट बंद झाली की आडवं जायचं, शेजाऱ्यांकडे. एकट्या घराण्याचा माग काढत बसलात तर अडकाल. अख्खं गाव शोधा. कारण हे गाव सुटी माणसं येऊन वसलेलंच नाही.

निकोडेमसची स्थापना १८७७ ची. डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-दलाल आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक यांच्या पुढाकाराने सॉलोमन नदीकाठी गाव आखलं गेलं आणि केंटकी राज्यात जाहिराती वाटल्या गेल्या. त्या सप्टेंबरात केंटकीतून तीनशेच्या आसपास माणसं आली, त्यातली पुष्कळशी स्कॉट काउंटीतल्या जॉर्जटाउनच्या भोवतालची. एकाच चर्चमधली, एकमेकांची सोयरी, कित्येक तर एकाच मळ्यावर राबलेली. एलिसपर्यंत रेल्वेने आणि पुढे पायी. नंतरच्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांनी म्हातारपणी सांगितलेली आठवण माझ्या मनातून जात नाही. एलिसहून दोन दिवस प्रवास केल्यावर पुरुष ओरडले, ते बघा निकोडेमस. त्यांना काहीच दिसेना. नवऱ्याने जमिनीतून निघणाऱ्या धुराकडे बोट दाखवलं, तेच गाव. लोक जमिनीत खोदलेल्या घरांत राहत होते. ते पाहून त्यांना रडू फुटलं. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी मांस दिलं म्हणून अनेक जण तगले.

आता कागदांकडे वळू. १८८० च्या जनगणनेपासून सुरुवात करा, कारण घरातल्या प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं तिच्यात पहिल्यांदा लिहिलं गेलं; १८७० ला ते नाही. आईवडिलांचा जन्म कुठल्या राज्यातला हेही तिथे मिळतं. १८९० ची जनगणना शोधू नका. १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीपायी ती जवळजवळ सगळी गेली. सुदैवाने कॅन्सस राज्याची स्वतःची जनगणना दर दहा वर्षांनी व्हायची, तेव्हा १८८५ आणि १८९५ ची पानं काढा. त्यांत माणूस कॅन्ससला कुठून आला याचा रकाना आहे. तुमच्या घराण्याची ओळ सापडली की तेवढीच उतरवून थांबू नका. वरची दहा आणि खालची दहा घरंही वहीत घ्या. आम्ही हे केलं नाही आणि एकाच नावाच्या दोन माणसांपैकी चुकीच्या माणसामागे तीन महिने घालवले. नावावर आणि स्पेलिंगवर फार विसंबू नका. गणना करणाऱ्याच्या कानावर जे पडलं ते त्याने लिहिलं.

दुसरा मोठा ठेवा म्हणजे जमिनीचे कागद. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळत, पण पाच वर्षं राहून कसल्याचा पुरावा द्यावा लागे, आणि त्याला शेजारचे साक्षीदार लागत. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली ती फाईल मागवा. सातबाऱ्यापेक्षा खूप जास्त मिळतं: घर केवढं, किती एकर नांगरले, कुटुंबात किती माणसं. साक्षीदारांची नावं ठळक लिहून ठेवा. आमच्या फाईलमधला एक साक्षीदार पुढे बायकोचा भाऊ निघाला, आणि तिचं माहेरचं आडनाव आम्हाला तिथूनच कळलं.

त्यानंतर केंटकी. घरात कुणी यादवी युद्धात लढल्याची आठवण असेल तर पेन्शनची फाईल सगळ्यात आधी मागवा. केंटकीतले हजारो गुलाम कॅम्प नेल्सन या छावणीत जाऊन उत्तरेच्या सैन्यात भरती झाले, कारण भरती म्हणजे सुटका. पुढे विधवेला पेन्शनसाठी लग्न सिद्ध करावं लागे, आणि गुलामांच्या लग्नाला तर कायद्याने मान्यता नव्हती. म्हणून शेजारीपाजारी शपथेवर सांगत, यांचं लग्न अमक्याच्या मळ्यावर झालं, आम्ही हजर होतो. त्यातला 'अमका' म्हणजे मालक. त्याचं नाव मिळालं की १८७० ची भिंत ओलांडता येते. मग काउंटी कचेरीतलं त्याचं मृत्युपत्र आणि मिळकतीची यादी काढायची, कारण त्या यादीत माणसांची नावं असतात, घोडे आणि भांड्यांच्या मधे, किमतीसकट. वाचवत नाही. पण माझ्या सहकाऱ्याच्या पणजीच्या आजीचं नाव जगात फक्त त्याच कागदावर राहिलं होतं.

मुक्त झालेल्या गुलामांसाठी काढलेल्या फ्रीडमन्स बँकेची केंटकीतली लेक्सिंग्टन शाखाही बघा. बँक १८७४ ला बुडाली, पण खातेदारांच्या नोंदी आहेत. काहींत आईवडील, भावंडं, विकून दूर नेलेली माणसंसुद्धा. आडनाव मालकाचंच असेल असं मात्र धरून चालू नका, अनेकांनी स्वतःचं निवडलं.

कागदाइतकंच गावही बघायला हवं. १८८७ ला गावाने रेल्वेसाठी १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले, तरी रेल्वे नदीपलीकडून गेली. दुकानं तिकडे बोगला हलली, माणसं पांगली. आज तिथे मोजकीच कुटुंबं राहतात. १९९६ पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. पण दरवर्षी जुलैच्या अखेरीस घरवापसीचा मेळा भरतो. मूळ सण १ ऑगस्टचा, वेस्ट इंडीजमधली गुलामगिरी १८३४ ला त्या दिवशी संपली म्हणून. डेन्व्हरपासून, कॅलिफोर्नियापासून वंशज येतात. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत जसं आपलं गाव सांगितलं की पान उघडतं, तसं तिथल्या आजींना आडनाव सांगून बघा. मुलीला घेऊन जा आणि घरात असतील ते नाव नसलेले जुने फोटोही घेऊन जा. आमचे चार फोटो तिथल्याच एका टेबलावर ओळखले गेले.

तोवर १८८५ चं पान मिळालं तर शेजारच्या घरांची आडनावं इथे लिहा. आमच्या वहीतल्या यादीशी ताडून बघतो.