नागिणीला गोळी आहे, मग एचपीव्हीला का नाही?

प्रश्न : माझ्या जावेची एचपीव्ही तपासणी पॉझिटिव्ह आली. दुर्बिणीतून पाहिलं तर काही दिसलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी नाही, वर्षाने परत या. नागिणीला गोळ्या मिळतात, मग याला का नाही?
– एक वाचक, कळंब, जि. धाराशिव

उत्तर : ताई, एचपीव्ही हा गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू. तुमचा प्रश्न मी अंबाजोगाईत वर्गात दरवर्षी मुद्दाम काढते, कारण सगळं उत्तर विषाणूच्या वागण्यातच आहे.

नागिणीचा विषाणू डीएनएची नक्कल करणारं पॉलिमरेज स्वतःचं बाळगतो. नागिणीची गोळी, असायक्लोविर, त्यालाच अडवते. एचपीव्हीकडे ते नाहीच. त्याचा डीएनए म्हणजे सुमारे 8000 अक्षर-जोड्यांचं एक छोटं कडं. ई2 हे त्याचं प्रथिन कड्यावरची सुरुवातीची जागा धरतं आणि ई1 ला तिथे आणून बसवतं. ई1 दोन्ही धागे उलगडतं. पुढची सगळी नक्कल आपल्याच पेशीची यंत्रणा करते. पाहुणा आपल्याच चुलीवर रांधतोय. चूल विझवली तर घरचेही उपाशी.

बारीकशा खरचटीतून तो गर्भाशयाच्या तोंडावरच्या अस्तराच्या तळच्या थरात शिरतो आणि थोड्याच प्रती ठेवून राहतो. पेशी वर सरकत पक्व होते, तेव्हा तिचं नक्कल करणं थांबायला हवं. पण ई7 आणि ई6 ही प्रथिनं पेशीचे लगाम सोडवतात, आणि प्रती हजारोंवर जातात. झडणाऱ्या पेशींबरोबर विषाणू बाहेर पडतो. पेशी फुटत नाही, सूज येत नाही, म्हणून प्रतिकारशक्तीला उशिरा जाग येते. तरी बहुतेक बायकांमध्ये दोनेक वर्षांत संसर्ग आपोआप ओसरतो.

धोका असतो तो वर्षानुवर्षे टिकणाऱ्या संसर्गाचा. कधी ते कडं तुटून आपल्या गुणसूत्रात घुसतं, ई2 निकामी होतं, आणि त्याने दाबून धरलेली ई6, ई7 मोकाट सुटतात. तिथून कर्करोगाची वाट सुरू होते. पण तिला बरीच वर्षं लागतात, आणि तेवढा वेळ आपल्या हातात असतो.

याचा पुरावा तुमच्याच जिल्ह्यातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबादमधल्या खेड्यांत 30 ते 59 वयाच्या एक लाखाहून जास्त बायकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2009 मध्ये आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

तेव्हा जावेची वर्षाची तारीख चुकवू नका. पुढे बदललेल्या पेशी दिसल्याच तर त्या गोठवून किंवा जाळून काढता येतात. एचपीव्हीची लस आत बसलेला विषाणू काढत नाही, म्हणून ती घरातल्या 9 ते 14 वर्षांच्या मुलींना आधीच द्या. आणि तुम्ही तिशी ओलांडली असेल, तर जावेबरोबर जाल तेव्हा स्वतःचीही तपासणी करून घ्या.