बायकोला डाग दिसतोय. गर्भ आहे की गेला हे कसं ओळखायचं, आणि गेला असेल तर तिला कसं सावरायचं?

भाऊ, नववा आठवडा, कालपासून तपकिरी डाग, मळमळ एकदम थांबली, आणि ‘आई म्हणते वावरात गेली म्हणून झालं’. तुमचं हे शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले.

आधी कामाचं. आजच सोनोग्राफी करा, घरी बसून कोणालाच नक्की सांगता येत नाही. लाल जाणं वाढलं, गाठी पडल्या, ओटीपोटात आणि कमरेत पाळीसारख्या कळा सुरू झाल्या तर गर्भ पडत असण्याची शक्यता जास्त. तासाभरात पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल, ताप किंवा घाण वास असेल, पोटात एकाच बाजूला जोराने दुखत असेल, तर १०८ ला फोन करा. एका बाजूचं दुखणं म्हणजे गर्भ नळीत असू शकतो आणि त्यात बाईचा जीव जातो. तिचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर पोचल्या पोचल्या सांगा, पुढच्या बाळाला धोका होऊ नये म्हणून ॲन्टी-डीचं इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यायचं असतं.

आता माझं. २०१९. आम्ही यवतमाळमधल्या घाटंजीकडचे. दसऱ्याच्या सुमारास पाळी चुकली, डॉक्टरांनी १७ जून तारीख दिली. त्या वर्षी दिवाळीत अवकाळी पाऊस झाला, फुटलेला कापूस झाडावरच भिजला, म्हणून आमची वेचणी तुळशीच्या लग्नानंतर लागली. माझी मळमळ त्याच्या आधीच थांबली होती. मला वाटलं, चला, सुटले. भाकरीचा वास सहन व्हायला लागला याचा मला आनंद झाला होता.

वेचणीच्या सहाव्या दिवशी डाग दिसला. सासूबाईंनी धन्याचं पाणी दिलं, गरमी झाली म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी कपाशीच्या तासात, म्हणजे ओळीत, वाकलेली असताना मांडीवरून गरम ओघळ आला. आधी घामच वाटला. कमरेला बांधलेलं वेचणीचं फडकं अर्धं भरलं होतं. त्यातला कापूस मी आधी गाठोड्यात रिकामा केला आणि मग धुऱ्यावर, बांधावर, जाऊन बसले. तेव्हा असं का केलं ते मला अजून कळत नाही.

तालुक्याला सोनोग्राफी झाली. दहा आठवडे भरले होते, पण गर्भाची वाढ साडेसात आठवड्यांची आणि ठोके नाहीत. गोळ्या देऊन पिशवी साफ केली. घरी आले तर ओसरीवर मावससासू बसलेली: “काम केलं न वावरात, मंग पोट खाली होन नाही त काय?” नवरा समोर होता. तो बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

साडेसात आठवडे म्हणजे दिवाळी होऊन चार-पाच दिवस. तेव्हा वावरात चिखल होता, मी पायही ठेवला नव्हता. गर्भ त्याच वेळी थांबला होता, अंगावरून जायला नंतर लागलं, एवढंच. तो रिपोर्ट मी सातबाऱ्याच्या पिशवीत जपून ठेवलाय. सहा जणांना दाखवला, कोणी वाचला नाही. माझ्या जावेच्या ओटीभरणाला मला पुढे येऊ दिलं नाही, ते याच ‘वावरा’पायी.

कळलेल्या १०० गरोदरपणांत १० ते २० अशी जातात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. त्यातल्या निम्म्यांच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतच चूक असते. वेचणीने, पाण्याचा गुंड उचलल्याने, पपईच्या फोडीने ती चूक होत नाही आणि पलंगावर झोपवून ठेवल्याने सुधारतही नाही. जी आई म्हणते वावराने पडला, तिला विचारा, रोज वेचणीला जाणाऱ्या बाया बाळंत होतात त्या कशा?

तिला सावरायचं कसं, याला माझ्याकडे मोठं उत्तर नाही. ‘वय आहे, होईल दुसरं’ म्हणू नका. होईलही, मला झालं, पण ते हे नव्हतं. पुढच्या वर्षी १७ जूनला आमच्याकडे कपाशी टोबणं सुरू होतं. मी सरकी टाकता टाकता रडायला लागले. नवऱ्याने काही विचारलं नाही, त्याचं तास सोडून माझ्या बाजूच्या तासाला आला आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहिला. त्याला तारीख लक्षात होती. मला तेवढ्याने बरं वाटलं, पण तो त्या दिवशी ओसरीवर बोलला असता तर जास्त वाटलं असतं. महिना-दोन महिने झाले तरी ती जेवत-झोपत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, ‘मनावर घेते’ म्हणून सोडू नका.

एक राहिलं. डाग म्हणजे गर्भ गेलाच असं नाही, कित्येकींना डाग येऊनही बाळ नीट होतं. आणि फवारणी झालेल्या वावरात पोटुशी बाईने जाऊच नये, २०१७ ला यवतमाळात फवारणीच्या विषाने माणसं मेली ती आपण पाहिली आहेत. वेचणीबद्दल मी बोलले ते विषाबद्दल नाही.

सोनोग्राफीत वाढ थांबलेली निघाली, तर किती आठवड्यांची ते कागदावर लिहून घ्या. घरी तो कागद तुम्ही स्वतः वाचा, मोठ्याने, तुमच्या आईसमोर, आणि बायको तिथे बसलेली असताना.