वाचक विचारतात: चिनी लाँड्रीवाल्यांचं पुढे काय झालं?

प्रश्न: १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी घातली हे माहितीये, पण जे आधीपासूनच तिथे धंदा करत होते त्यांचं काय झालं? – एक वाचक, सांगली

उत्तर: त्यांना हाकलता येत नव्हतं, म्हणून परवान्यात अडकवलं. आधी बंदी कशी आली ते सांगतो: चिनी मजुरांच्या कष्टाने बांधलेली, अमेरिका आरपार ओलांडणारी रेल्वे १८६९ ला पूर्ण झाली, मग मंदी आली, कॅलिफोर्नियात बेकारी वाढली आणि डेनिस कर्नी नावाचा पुढारी प्रत्येक सभेत 'चिनी गेलेच पाहिजेत' म्हणत फिरायला लागला, आणि त्या राज्याची मतं दोन्ही पक्षांना हवी होती, मग काय, १८८२ चा बंदीचा कायदा झालाच.

त्याआधीच, १८८० मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोने नियम काढला होता की लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर नगर मंडळाची परवानगी लागेल. कारण आगीचं. ऐकायला अगदी रास्त, पण शहरातली जवळपास सगळीच घरं लाकडी, ३२० लाँड्र्यांपैकी ३१० लाकडी, आणि एकूण ३२० पैकी २४० च्या आसपास चिनी लोकांच्या. २०० चिनी अर्ज आले, सगळे नामंजूर. चिनी नसलेल्या ८० जणांना मात्र, एक सोडून, परवाना मिळाला. नियमात चिनी हा शब्द कुठेच नाही बरं का, हेच मला सगळ्यात भयंकर वाटतं.

यिक वो नावाने केस चालली तो माणूस त्याच जागेत २२ वर्षं कपडे धूत होता, अग्निशमनवाल्यांनी तपासून दाखलाही दिला होता, तरी १० डॉलर दंड, तो भरला नाही म्हणून तुरुंग. तो पार अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १८८६ मध्ये एकमताने जिंकला. कोर्ट म्हणालं, कायदा कागदावर निष्पक्ष असला तरी तो राबवताना भेदभाव होत असेल तर तो अमेरिकी राज्यघटनेने हमी दिलेल्या कायद्याच्या समान संरक्षणाचा भंगच, आणि हे संरक्षण नुसतं नागरिकांना नाही, कुठल्याही व्यक्तीला आहे. आपल्या राज्यघटनेच्या कलम १४ मध्येही 'व्यक्ती' हाच शब्द आहे, आणि १९५२ च्या अन्वर अली सरकार खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने या निकालाची चर्चा केलीये.

धंदा वाचला, पण सीमा बंदच राहिली. उलट १८९२ च्या कायद्याने आधीपासून राहणाऱ्या चिनी मजुरांनाही रहिवासाचा दाखला सक्तीचा केला, आणि बंदी उठली ती थेट १९४३ मध्ये, तीही वर्षाला फक्त १०५ जणांसाठी.